उत्सवाच्या स्मरणिकेसाठी जुन्या लढाईचा लेख लिहिताना

आमच्या चौल-रेवदंडा भागात उत्सवाची स्मरणिका निघाली की तिच्यात एक लेख हमखास असतो: आपल्या किनाऱ्यावर आलेल्या पहिल्या स्वाऱ्या. मी इथे शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर हे लेख छापायच्या आधी तपासायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. लिहिणारी मुलं मेहनती असतात. पण साधन म्हणून त्यांच्या हातात मोबाइलवर फिरत आलेला मजकूर असतो, आणि त्यात सातव्या शतकापासून चौदाव्या शतकापर्यंतचं सगळं एका वाक्यात उरकलेलं असतं: परके आले, आपण लढलो. कोण आलं, कुठे उतरलं, समोर कोण होतं, हे कुणी लिहून ठेवलं, यातलं काहीच नाही. सातशे वर्षं लढलेल्या, व्यापार केलेल्या, बुडालेल्या माणसांची नावं अशी पुसली गेलेली मला बघवत नाहीत. म्हणून या काळावर कसं लिहावं ते सांगते.

सुरुवात वहीपासून करा. फुलस्केप वही आडवी धरायची आणि पाच रकाने आखायचे. पहिल्यात साल, मूळ नोंदीत आहे तसं, आणि शेजारी इसवी सन. दुसऱ्यात जागा, तेव्हाच्या आणि आजच्या नावासह. तिसऱ्यात कोण कुणाशी लढलं. इथे मूळ लेखात जे नाव असेल तेच लिहायचं, आपल्या मनाने 'हिंदू सैन्य' किंवा 'मुस्लिम फौज' करायचं नाही. चौथ्यात हे कोण सांगतंय. पाचव्यात, घटनेनंतर किती वर्षांनी सांगतंय. पाचवा रकाना भरता आला नाही तर ती नोंद लेखात घ्यायची नाही. माझा हा नियम कडक आहे आणि मुलांना त्याचा राग येतो, पण मी तो सोडत नाही.

सालांची बेरीज-वजाबाकी एकदा शिकून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. गुजरात आणि उत्तर कोकणातल्या जुन्या ताम्रपटांत कलचुरी संवत असतो, त्यात २४८ किंवा २४९ मिळवायचे. हिजरी वर्ष चांद्र, त्यामुळे नुसती बेरीज चालत नाही: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, वर्षभराच्या फरकाने बरोबर येतं. हिजरी ३०४ घेतलं तर ९१६ येतात. या सालाकडे आपण परत येणार आहोत, कारण ते चौलचं आहे.

पहिली नोंद ठाण्याची करा. अरब इतिहासकार अल-बलाधुरी लिहितो की खलिफा उमरने हिजरी १५ मध्ये उस्मान इब्न अबी अल-आसला बहरीन आणि ओमानवर नेमलं, आणि या उस्मानने ओमानातून समुद्रापलीकडे ठाण्यावर फौज पाठवली. फौज परत आल्यावर त्याने उमरला कळवलं. उमर खूश झाला नाही, भडकला. तू लाकडावर किडा बसवून समुद्रात सोडलास, माझी माणसं गेली असती तर तुझ्या कबिल्यातून तेवढीच वसूल केली असती, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. भडोच आणि सिंधचं बंदर देबल यांच्यावरच्या स्वाऱ्यांचा उल्लेखही तिथेच आहे.

आता वही भरू. साल इ.स. ६३६ च्या सुमारास. 'सुमारास' महत्त्वाचं, कारण हिजरी १५ हे नेमणुकीचं साल आहे, स्वारीचं नव्हे. जागा ठाणे. लढणारे: उस्मानची फौज, समोर कोण होतं ते नोंदीत नाही. सांगणारा बलाधुरी, मृत्यू इ.स. ८९२. म्हणजे दोन-अडीचशे वर्षांनंतरचा माणूस, तोही बगदादच्या दरबाराजवळचा. या नोंदीवरून ठाण्याच्या लढाईचं रसभरित वर्णन लिहायला कुठलाच आधार नाही. किती जहाजं, कोण सेनापती, कोण शूर, काही नाही. मात्र दोन गोष्टी ठामपणे लिहिता येतात: फौज परत गेली, तिने इथे ठाणं मांडलं नाही, आणि खुद्द खलिफाला ही समुद्रावरची मोहीम पसंत नव्हती.

तेव्हा कोकण कुणाच्या ताब्यात होतं हे विचारायला विसरू नका. बदामीच्या चालुक्य पुलकेशी दुसऱ्याचा ऐहोळेचा शिलालेख शक ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४-३५ चा. त्यात पुलकेशीच्या सैन्याने कोकणच्या मौर्यांना हरवल्याचं आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणवणाऱ्या पुरीवर शेकडो नौकांनिशी हल्ला केल्याचं सांगितलंय. ही पुरी म्हणजे घारापुरी की दंडा-राजपुरी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा ठाण्याच्या ओळीच्या वरच ही ओळ लिहा: अरब यायच्या आधी याच पाण्यात चालुक्यांचं आरमार मौर्यांच्या राजधानीवर चालून गेलं होतं. ही ओळ लेखातून गाळली की पुढचं सगळं एकांगी होतं.

नवसारीचा ताम्रपट

या काळाची सगळ्यात भरलेली नोंद नवसारीची आहे. तिथे घाई करू नका. बदामीच्या चालुक्यांची एक शाखा दक्षिण गुजरातेत राज्य करत होती. तिच्यातल्या अवनिजनाश्रय पुलकेशीचा हा ताम्रपट, कलचुरी संवत ४९०, म्हणजे इ.स. ७३८-३९. अरबांना तो ताजिक म्हणतो. ताजिकांच्या फौजेने सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य आणि गुर्जर राजांना धुळीला मिळवलं, दक्षिणापथ जिंकायच्या इच्छेने ती आधी नवसारीवर आली, आणि तिथे पुलकेशीने तिचा पराभव केला. खूश होऊन वल्लभ राजाने, म्हणजे बदामीच्या विक्रमादित्य दुसऱ्याने, त्याला चार बिरुदं दिली. दक्षिणापथसाधार, चालुक्कीकुलालंकार, पृथिवीवल्लभ ही तीन, आणि चौथं अनिवर्तकनिवर्तयितृ: जे मागे फिरत नाहीत त्यांना मागे फिरवणारा.

ताम्रपट हातात आला की आधी ओळखा की तो कसला कागद आहे. तो लढाईचा अहवाल नसतो, जमिनीचं दानपत्र असतं. आजच्या सातबाऱ्यासारखा तो हक्काचा पुरावा, फक्त वर दात्याच्या घराण्याची लांबलचक स्तुती जोडलेली. नवसारीची लढाई त्या स्तुतीच्या भागात येते. म्हणून मजकूर तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करून वाचायचा. लाल रंग कवीच्या ठरलेल्या सजावटीला: चमकत्या तलवारी, नगाऱ्यांच्या तालावर नाचणारी मुंडकी तुटलेली धडं. अशी धडं त्या काळच्या अनेक प्रशस्त्यांत नाचतात. ती पुरावा म्हणून घ्यायची नाहीत. हिरवा रंग व्यवहाराला: कोण दान देतोय, कुणाला, कुठलं गाव, कुठली तिथी. इथे खोटं लिहून कुणाचा फायदा नव्हता. निळा रंग मधल्या भागाला, जिथे स्तुतीच्या ओघात कवी काहीतरी अडचणीचंही बोलून जातो.

नवसारीच्या पटात निळी खूण कुठे करायची ते सांगते. सहा राजांच्या यादीवर. शत्रूने आधी सहा जणांना हरवलं हे कबूल केल्याने पुलकेशीचा विजय मोठा दिसतो हे खरं, पण त्याबरोबर सिंधपासून गुजरातपर्यंतच्या पराभवांची नोंद होते, आणि ती अरबांच्या नोंदींशी ताडून पाहता येते. बलाधुरी सांगतो की सिंधचा सुभेदार जुनैद याने भडोच, उज्जैन, माळवा, गुर्जर या बाजूंना फौजा पाठवल्या. दोन वेगळ्या भाषांतले, एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा मला शांत झोप लागते.

इथेच लेखांत नेहमी एक घोटाळा होतो. 'जुनैदचा नवसारीला पराभव झाला' असं सर्रास लिहितात. ताम्रपटात सेनापतीचं नाव नाही. जुनैद इ.स. ७२६ च्या सुमारास सिंधमधून गेला होता. पुलकेशीचा थोरला भाऊ मंगलरस याचा बलसाडचा ताम्रपट शक ६५३ चा, म्हणजे ७३१-३२ चा. गादीवर तेव्हा तो होता. म्हणून नवसारीची लढाई बहुधा ७३१ ते ७३९ या मधल्या वर्षांत बसते, आणि त्या काळात सिंधचा सुभेदार हकम बिन अवाना होता. असा दोन पटांच्या मध्ये काळ पकडायला शिकवलं की मुलांचे डोळे चमकतात. गणितातल्यासारखं उत्तर त्यांच्या हाती येतं आणि ते त्यांचं स्वतःचं असतं.

सिंधचा विजय, इ.स. ७१२ मधला राजा दाहिरचा मृत्यू आणि मुहम्मद बिन कासिम, हे दोन ओळींत सांगून पुढे जा. स्मरणिका कोकणची आहे. शिवाय दाहिरच्या ज्या कथा सगळ्यांना पाठ असतात त्या बहुतेक चचनामा या सिंधच्या इतिहासाच्या ग्रंथातल्या, आणि तो फारसीत तेराव्या शतकात उतरला. पाचव्या रकान्यात पाचशे वर्षं भरा आणि मग काय घ्यायचं ते ठरवा.

चिंचणीचा पट वगळू नका

नवसारीनंतर लेखक थेट महमूद गझनीवर उडी मारतात. मधली तीनशे वर्षं कुठे गेली? उत्तर आपल्याच जिल्ह्यांच्या पलीकडे, पालघरमध्ये आहे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला राष्ट्रकूटांच्या काळातले ताम्रपट सापडले. त्यांतला एक शक ८४८ चा, इ.स. ९२६ चा, इंद्र तिसऱ्याच्या राजवटीतला. त्यात संजाणच्या मंडलावर राज्य करणारा अधिकारी आहे मधुमती, म्हणजे मुहम्मद, दुसरं नाव सुगतिप. जातीने ताजिक. त्याला इथे नेमलं होतं राष्ट्रकूट कृष्ण दुसऱ्याने. पट सांगतो की या सुगतिपाने आसपासच्या सगळ्या बंदरांचे अधिपती जिंकले आणि तिथे आपली माणसं बसवली. दोन प्रवाहांवर फुकट तर सुरू केली. संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. आणि दान कशाचं? एका देवीच्या मठिकेची, म्हणजे छोट्या मठाची, डागडुजी आणि नैवेद्य यांसाठी गाव आणि जमीन.

आता तिसरा रकाना भरून दाखवा. बंदरांवरची ही लढाई हिंदू विरुद्ध मुस्लिम म्हणायची का? सुगतिप लढला तो राष्ट्रकूट राजासाठी, आणि ज्यांना हरवलं ते किनाऱ्यावरचे अधिपती होते. वहीत नावानेच लिहा: 'राष्ट्रकूटांचा ताजिक अधिकारी सुगतिप, विरुद्ध बंदरांचे अधिपती'. नवसारीच्या ताम्रपटानंतर दोनशे वर्षंही झाली नव्हती. ज्यांना दक्षिणेत शिरू दिलं नाही, त्यांच्यातलाच एक जण आता दक्षिणेच्या सम्राटाचा किनारा सांभाळतो. मला स्वतःला या काळातलं हे सगळ्यात मोलाचं पान वाटतं. लेखात नवसारीला जेवढी जागा द्याल तेवढीच याला द्या. एक घेऊन दुसरं टाकणं म्हणजे साक्षीदाराचं अर्धं बोलणं ऐकून निकाल देणं.

आणि मग चौल. हिजरी ३०४ मध्ये अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला. आपल्या चौलला तो सैमूर म्हणतो. तेव्हा इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते असं तो लिहितो: सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि इथेच जन्मलेले. त्यांचा न्यायनिवाडा करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. राजाचं नाव तो जंझ देतो, म्हणजे उत्तर कोकणचा शिलाहार झंझ, ज्याने बारा शिवमंदिरं बांधली असं शिलाहारांचे ताम्रपट सांगतात. दहा हजार हा आकडा एका प्रवाशाचा अंदाज आहे, तसंच म्हणून द्या. पण झंझ राजा एकाच वेळी शिवमंदिरं बांधत होता आणि अरब व्यापाऱ्यांना आपला न्याय आपण करू देत होता, हे आमच्या गावच्या लेखात आलंच पाहिजे. ते घडलं ती जागा आमची आहे.

दगड वाचताना

गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, असेल तर फोटो हवाच. फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना काढा. तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसतं, भर दुपारी सगळं सपाट होतं. दगडावर खडू, चुना, पीठ चोळू नका. तेल-शेंदूर खरवडू नका. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांना आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर आहे तसा फोटो घ्या. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. ठसा घ्यायचा तर जाणकाराला बोलवा.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या पट्टीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्यात त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य: जोवर ते आहेत तोवर कीर्ती. आता बोरिवलीजवळच्या एक्सरचे वीरगळ बघा. तळाला वल्ह्यांची जहाजं, रांगेने एकमेकांवर चालून जाणारी. कोकणातल्या समुद्री लढाईचं असं चित्र पाहिलं की कुणालाही वाटतं, ही परकीय स्वारी. पण अनेक अभ्यासक या दगडांचा संबंध जोडतात तो शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्या लढाईशी, इ.स. १२६५ च्या सुमाराची. यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो की सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या क्रोधापेक्षा त्याला वडवानल, समुद्रातला अग्नी, बरा वाटला. हेमाद्री हा जिंकलेल्या बाजूचा माणूस, हे चौथ्या रकान्यात लिहा. दोन्हीकडे शिवभक्त. उत्तर कोकणचं शिलाहार राज्य तिथे संपलं, आणि ते संपवणारं सैन्य घाट उतरून आलं होतं. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला तो १२९६ मध्ये, म्हणजे साधारण तीस वर्षांनी.

म्हणून दगडावर जहाज दिसलं, घोडा दिसला, की लगेच शत्रूचं नाव लिहू नका. फोटोखाली 'समुद्री लढाईचा वीरगळ' इतकंच लिहा. वीरगळाजवळ गाढवाचं चित्र कोरलेला दगड असेल तर तो गद्धेगाळ. तो लढाईचा नाही, दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापाचा.

ऐकीव कथांचं काय करायचं? देवीने भुंगे सोडून फौज पळवून लावली, ही कथा मी किनाऱ्यावर एकाहून अधिक देवळांत ऐकली आहे. ती टाकू नका. सांगणाऱ्या आजी-आजोबांच्या शब्दांत उतरवून घ्या, त्यांची परवानगी घ्या, आणि वेगळ्या चौकटीत छापा, वर 'गावात सांगितली जाणारी कथा' असं लिहून. चौकटीतलं मुख्य लेखात मिसळलं की दोन्हींचं नुकसान होतं. पारशी समाजाच्या 'किस्सा-ए-संजाण'लाही हीच शिस्त लावा. संजाणच्या हिंदू राजाच्या बाजूने अर्देशीरच्या नेतृत्वाखाली पारशी लढले, ही त्यातली हकिकत सुंदर आहे, पण तो काव्यग्रंथ इ.स. १६०० च्या सुमारास रचलेला आहे. पाचव्या रकान्यात ते लिहा आणि मग खुशाल सांगा.

आणखी एक कसोटी कोळीवाड्यातून घ्या. कुठल्याही कथेत शिडाची जहाजं ज्येष्ठ-आषाढात येऊन बंदराला लागली असतील, तर ती एखाद्या जुन्या तांडेलाला वाचून दाखवा. पावसाळ्यात हा किनारा बंद असतो; नारळी पौर्णिमेआधी होड्या पाण्यात पडत नाहीत, आणि हजार वर्षांपूर्वीही वारा असाच वाहत होता. वाऱ्याशी न जुळणारी तारीख परत तपासायची.

शब्दांबद्दल. लेखात 'आपण' आणि 'ते' नको, नावं हवीत: चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव, ओमानची फौज, सिंधचा सुभेदार. माझ्या वर्गात कोर्लईचा ख्रिस्ती मुलगा, आगरी-कोळी, माळी, भंडारी, मुसलमान मुलं एका बाकावर बसत. एकदा धडा वाचताना एका मुलीने विचारलं, "बाई, यातले 'आपण' म्हणजे कोण?" तेव्हापासून मी तो शब्द वर्गात इतिहासासाठी वापरला नाही. जिथे कत्तल झाली तिथे कत्तल लिहा, देऊळ फोडलं तिथे फोडलं लिहा. मऊ करायची गरज नाही. पण ते कुणी केलं, कुठे, कधी, हे त्याच वाक्यात यायला हवं.

लांबी दोन-अडीच पानांवर नेऊ नका. ठाणे अर्धा परिच्छेद, नवसारी आणि चिंचणी प्रत्येकी एक भरगच्च परिच्छेद, चौल एक, वीरगळ फोटोसह. नकाशा हाताने काढा: देबल, भडोच, नवसारी, संजाण, ठाणे, चौल, एवढीच ठिकाणं, उत्तरेकडून दक्षिणेकडे. मूळ पटांचं वाचन हवं असेल तर चिंचणीचे पट 'एपिग्राफिया इंडिका' या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या ३२ व्या खंडात आहेत. शिलाहारांचे लेख वा. वि. मिराशींनी मराठीतही एकत्र केले आहेत. जिल्हा ग्रंथालयात विचारा, मिळतात.

छापखान्यातून प्रुफं आली की दोघांनी बसा. एकाने वहीतून साल मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफात त्यावर बोट ठेवायचं. आकडे उलटे-पालटे होतात, ७३८ चं ८३७ होतं आणि अख्खा परिच्छेद शंभर वर्षं सरकतो. शक आणि इसवी सन दोन्ही छापलेले असतील तर प्रत्येक जोडीची वजाबाकी करून फरक ७८ येतोय ना, ते तिथल्या तिथे पाहा आणि मगच छपाईला होकार द्या.